दोडक्याच्या मांडवाला बांधलेली हिरवी वायर

रविवारी आमच्या कळंबच्या घरी एक वायरमन पोरगी आली आणि तिनं माझीच चोरी पकडली...

मुळापासून सांगते. माझी लेक सुजाता वणीला असते. तिची चिऊ दहा महिन्यांची झाली, रांगते आणि दिसेल त्या भोकात बोट घालते. आमचा कूलरचा बोर्ड जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. लेक फोनवर म्हणाली, "आई, तो बोर्ड अन् तुझा झटके देणारा कूलर नीट झाल्याशिवाय मी चिऊला आणत नाही."

मला राग आला. कूलर झटका कुठं देतो... नुसतं झिणझिण करतो. आम्ही चप्पल घालूनच पाणी भरतो. कूलरजवळ त्यासाठी एक रबरी चप्पल कायमची ठेवलेली. पण नात येणार नसेल तर कुरडयांचा चीक मी भरवू कोणाला?

म्हणून वायरमनला फोन लावला. आली ती स्कूटीवर, प्रणाली नावाची, आयटीआय शिकलेली. मी रस्त्याकडे बघत विचारलं, "मागून कोणी येऊन राह्यलं का?"

"मागून काहून, आजी? मीच आली ना!"

तिनं सगळे सॉकेट बदलले. नव्या सॉकेटच्या भोकांना आतून पडदे असतात. वरची जाड पिन आत गेली तरच खालच्या दोघींचे पडदे उघडतात. म्हणजे आधी सासू, मग सुना! मला फार आवडलं ते.

मग मीटरजवळ एक डबी बसवली. करंट भलतीकडे गेला की ती लाईट बंद करते. नंतर प्रणाली अंगणात गेली, अर्थिंगची, म्हणजे भलता करंट जमिनीत नेणारी वायर बघायला. भिंतीवरची हिरवी वायर मध्येच तुटलेली... आणि उरलेला तुकडा माझ्या दोडक्याच्या मांडवाला!

आता काय सांगू... दोन वर्षांपूर्वी मीच ती पकडीनं कापली होती. तिच्यावर ना दिवा, ना पंखा, नुसती जमिनीत जाते. मला वाटलं, हिचं काम काय? मांडवाला मात्र गाठ अशी पक्की बसली की दोन्ही वर्षं दोडके भरभरून लागले.

आमचे हे खाटेवरून म्हणाले, "दोन वर्षं मी चप्पल शोधून राह्यलो, अन् वायर तुझ्या दोडक्याले!"

मी दोडक्याची पानं सारखी करत राहिले.

प्रणालीनं नवी वायर जोडली, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला लावलं. मग कूलर सुरू केला आणि टक्... घरभर लाईट गेली. "बापा! नवी डबीच खराब दिली का वं?" मी म्हटलं.

"डबी चांगली आहे, आजी. कूलरच्या पत्र्यात करंट उतरून राह्यला होता, तो तिनं पकडला. चिऊनं ओल्या हातानं धरला असता तर?"

तिनं कूलर उघडून दाखवला. पंपाची वायर पाण्यात घासून उघडी पडली होती. आणि मी तिला झिणझिण म्हणून लाडानं सांभाळत होते...

तिनं पंपाची वायरही बदलली. हातातलं मीटर लावून तपासलं, मगच मला हात लावू दिला. काही नाही... नुसता गार पत्रा. मी तीनदा हात लावून पाहिला.

काल चिऊ आली. आल्या आल्या माझ्या अंबाड्यातली पिन पळवली आणि थेट बोर्डाकडे! मी धावले तोवर तिनं ती भोकात खुपसलीसुद्धा... पण पिन आत जाईना. पडदा काही हलला नाही. चिऊ सॉकेटवर अशी चिडली की मला हसूही आलं आणि रडूही. पिना आता फळीवर ठेवते.

तुमच्याही कूलरला झिणझिण येत असेल तर चप्पल शोधू नका, वायरमनला बोलवा. आणि प्रणाली पोरी, पहिल्या तोडीचे दोडके तुझे.

दोडक्याचा मांडव आता सुतळीनं बांधलाय. कूलरजवळची ती रबरी चप्पल आज चिऊनं चावायला घेतली... चपलेची गरजच संपली म्हणून मी ती फेकून दिली.