हॉलबाहेरचा बाक

बारा जून. परिषदेला जाण्यासाठी कॉलेजने मंजूर केलेले बेचाळीस हजार सहाशे पन्नास रुपये त्या दिवशी ताळेबंद सरांच्या खात्यात जमा झाले. वरचा खर्च त्यांनी पदरून केला. सर वाणिज्य शाखेत हिशेबशास्त्र शिकवत. वर्गात शिरताच आधी फळ्याच्या मधोमध रेघ मारत, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव पुढे प्राचार्यांच्याही तोंडी बसलं. निवृत्ती तोंडावर आली होती. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं शिकवली. आपला स्वतःचा एक तरी निबंध चार जाणत्या माणसांपुढे वाचावा आणि मग खुर्ची सोडावी, एवढंच त्यांच्या मनात होतं.

परदेशातल्या त्या विद्यापीठात ते पोचले तेव्हा जागरणाने डोळे चुरचुरत होते आणि नव्या बुटांत पाय सुजले होते. सोबत त्यांच्याच कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या बाई होत्या. सर फाटक शोधत होते. फाटक नव्हतंच. कुंपण नाही, पहारेकरी नाही, कुठून आलात म्हणून विचारणारं कोणी नाही. रस्ता कुठे संपला आणि विद्यापीठ कुठे सुरू झालं, काही कळेना.

“रात्री कुलूप कशाला लावत असतील हे लोक?”

“तुम्ही नका काळजी करू, सर. किल्ली तुमच्याकडे नाही देणार.”

हिरवळीवर मुलं पालथी पडून वाचत होती. पिकल्या केसांचे एक प्राध्यापक सायकल हातात धरून त्यांच्या अंगावरूनच म्हणावं असे गेले, पण एकानेही मान वर केली नाही. सर मात्र सवयीने बाजूला झाले. विटांच्या इमारती सगळ्या एकाच साच्यातल्या. फिरून फिरून दोघं त्याच कारंज्यापाशी यायची. सरांच्या अंगात त्राण उरलं नाही.

परिषदेचा हॉल सापडला एकदाचा. बाहेर कॉफीचं यंत्र होतं, पण ते सरांचं कार्ड घेईना. बाईंनी पर्समधली दोन नाणी टाकली.

“घ्या, जरा तरतरी येईल. मी आत बसते, तुम्ही या.”

कॉफी पिऊन सर बाहेरच्या बाकावरच बसले. त्यांच्या कॉलेजात वक्त्याने आपण होऊन सभागृहात शिरायचं नसतं. कोणीतरी न्यायला येतं, ‘चला सर’ म्हणतं, मग वक्ता उठतो. सरांनी टाय सारखा केला, फाइल मांडीवर ठेवली. आत टाळ्या वाजल्या. बऱ्याच वेळाने पुन्हा वाजल्या. पापण्या जड होत होत्या, पण न्यायला येणाऱ्याला आपण पेंगताना दिसायला नको म्हणून ते ताठ बसून राहिले.

दार ढकलून बाई बाहेर आल्या.

“सर, इथे काय बसलात? दोनदा नाव पुकारलं तुमचं. मला वाटलं, मागे कुठेतरी बसला असाल.”

“न्यायला कोणी आलं नाही.”

“इथे वरात काढत नाहीत, सर. आपलं आपण जाऊन बसायचं.”

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि जेवणाच्या सुट्टीतली सात मिनिटं दिली. तोवर निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. निबंध गल्लीतल्या दुकानांच्या उधारीवर होता. सरांनी पहिलं पान वाचलं, मधली उलटली आणि शेवटचं वाचलं. पुढच्या रांगेतल्या एकाने विचारलं, “लेखी काही नसताना लोक पैसे परत का करतात?”

“रोज त्याच दुकानावरून जावं लागतं म्हणून,” सर म्हणाले.

तो हसला, मान हलवली आणि जेवायला गेला.

सरांनी घरी फोन लावला.

“झालं का वाचून?” बायकोने विचारलं.

“झालं.”

“टाळ्या पडल्या?”

“सगळे जेवायला गेले होते.”

“मग तुम्हीही जेवून घ्या. आणि ते बूट काढा आधी.”

परत आल्यावर सरांनी खर्चाचा हिशेब मुदतीत सादर केला. कॉलेजात बाईंच्या खोलीवरून ते रोज जातात. कॉफीचे पैसे त्यांनी रुपयांत देऊन पाहिले, बाई घेत नाहीत. म्हणतात, नाण्याला नाणं, तेही तिथलंच. ती दोन नाणी अजून द्यायची आहेत.