रविवारचा कज्जा

"आयकलं का?" असं विचारून ते उजव्या हाताचं बोट कानामागे न्यायचे आणि तसेच थांबायचे. समोरच्यानं "हो" म्हटलं की मान हलवायचे. "नाई आयकलं बाप्पा. तुम्ही मनात तुमचं उत्तर तयार करून राहिले होते."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात आली असतील. चारचौघांत ती कोपऱ्यात बसतात, आणि बैठक संपल्यावर लक्षात येतं की सगळं बोलणं फक्त त्यांनाच आठवतं आहे.

सत्तर सालानंतरची दोन-चार वर्षं मी नागपूरच्या कोर्टात नकला टाइप करायला होते. ते, म्हणजे सगळ्यांचे काका, तिथेच साक्षीदारांचे जबाब टाइप करायचे. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी, आणि बोटं अशी चालायची की साक्षीदाराचं वाक्य संपायला आणि त्यांची ओळ संपायला एकच गाठ. मी नवी, घाबरलेली. पहिल्याच आठवड्यात मी एका नकलेतला "नाही" गाळला. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला, त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाई, इथं एक मानूस सुटला." मला वाटलं, आता साहेबांकडे नेतात. पण म्हणाले, "रविवारी दुपारी या. माझं कोर्ट भरते."

त्यांचं घर महाल भागात, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. घराणं विणकरांचं. भावांचे माग अजून चालू होते, आणि रविवारी माग बंद असले की त्याच खोलीत हे कोर्ट भरायचं. मी गेले तर पंचवीस-तीस माणसं खाली बसलेली. विणकर, मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका, एक पोस्टमन, दोन म्हाताऱ्या. मधे सतरंजीवर पुठ्ठे मांडलेले. मागावर नक्षी उचलायला लागतात ते भोकं पाडलेले जुने पुठ्ठे. त्यांच्यावर कागद चिकटवून त्यांनी रंगीत चित्रं काढली होती.

एकेक पुठ्ठा म्हणजे एकेक माणूस किंवा एकेक पुरावा. आरोपी, फिर्यादी, साक्षीदार, तुटलेलं कुलूप, चिखलातली चप्पल. प्रत्येक साक्षीदाराची तीन चित्रं असत. पहिल्यात तो ऐटीत, दुसऱ्यात कपाळावर घाम, तिसऱ्यात चष्मा नाकावरून घसरलेला आणि तोंड उघडं. काका स्वतःच साक्षीदार व्हायचे, त्याच्या आवाजात जबाब द्यायचे. आपण सगळे मिळून आरोपीचे वकील. जबाबात कुठे खोट दिसली तर "हरकत!" म्हणून ओरडायचं आणि त्या वाक्यावर पुराव्याचा पुठ्ठा ठेवायचा. आपल्यापुढे पाच फुटाणे. हरकत चुकली की काका त्यातला एक उचलून तोंडात टाकायचे. पाचही संपले की आरोपी तुरुंगात.

त्या दिवशी सायकलचोरीचा कज्जा होता. साक्षीदार दूधवाला जबाब देत असताना मागून एक आजी ओरडली, "हरकत! याचं तोंडच चोराचं हाय!"

"तोंड पुरावा नसते, आजी," काका म्हणाले आणि फुटाणा खाल्ला.

दूधवाला म्हणाला, चोर पायडल मारत तलावाकडे पळाला. मी उत्साहानं चपलेचा पुठ्ठा ठेवला. फुटाणा गेला. कुलूप ठेवलं. तोही गेला. असे उरलेले चारही मी एकटीनंच घालवले. आरोपी, एक गरीब न्हावी, माझ्यामुळे तुरुंगात गेला. मग काकांनी मांडलेल्यातला एक पुठ्ठा उचलून दाखवला. त्याच सायकलची चेन, दुरुस्तीसाठी दुकानात खिळ्याला लटकलेली. चेनच नव्हती तर पायडल कसं मारलं? हा पुठ्ठा सुरुवातीपासून सगळ्यांसमोर पडलेला होता.

"घाई नोको, पोरी," ते म्हणाले. "साक्षीदाराले अडवायचं नाई. बोलू द्यायचं. खोटं बोलनारा गप्प राहत नाई, तो भर घालते."

तुम्ही म्हणाल, पुठ्ठ्यांचा खेळ तो, त्यात एवढं काय? मीही घरी तेच म्हणाले. पण त्या चितारलेल्या न्हाव्याची मला आठवडाभर रुखरुख लागून राहिली, आणि पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. कोर्टाची पायरी म्हटलं की त्या गल्लीतली माणसं रस्ता बदलायची. इथे कोर्ट त्यांच्या सतरंजीवर येऊन बसलं होतं, आणि वकील तेच होते. दिवसभर कांड्या भरणारी बाई जेव्हा बरोब्बर पुठ्ठा ठेवायची आणि काका हळूच साक्षीदाराचं तिसरं चित्र उलटायचे, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी दुसरीकडे क्वचितच पाहिलं.

एकदा मी त्यांना विचारलं, हे सुचलं कसं? ते रंगाचा ब्रश धूत होते. म्हणाले, "तरुणपनी एका तालुक्याच्या गावी होतो. एक साक्षीदार बोलला, मी टाइप केलं. त्याचं तिसरं वाक्य अन् अकरावं वाक्य जुळत नव्हतं. वकिलाच्या ध्यानात नाई आलं. माह्या आलं. पन टाइप करनाऱ्याले बोलता येत नाई."

"मग? त्या आरोपीचं काय झालं?"

"मी टाइप केलं ना वं. जे टाइप केलं, तेच झालं."

त्या रविवारांच्या कोर्टात कधीही न चुकणारी एक बाई होती. यमुनाबाई. चौथी शिकलेली, चाळिशीची, धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात आया. बोलायची कमी, हरकत घ्यायची त्याहून कमी. एका दुपारी ती मागाच्या खोलीत आली ती रडतच. दवाखान्यात एका बाईचं ऑपरेशन होतं, सकाळपासून उपाशी ठेवायचं होतं, आणि कुणीतरी तिला चहा पाजला होता. ऐन वेळी कळलं म्हणून निभावलं, ऑपरेशन पुढे ढकललं. घाबरलेल्या नातेवाइकांनी पेशंटला त्याच दुपारी उमरेडला घरी नेलं. आळ आला यमुनाबाईवर. खालच्या वॉर्डाचा मुकादम म्हणाला, मी पाहिलं. सोमवारी मॅनेजर चौकशी करणार होते. आळ सिद्ध झाला तर नोकरी तर जाणारच, पण धंतोलीतला एकही दवाखाना तिला पुन्हा दारात उभं करणार नव्हता.

"काकाजी, तुम्ही चला ना माह्यासंगं. तुम्ही बोला."

"मले आत नाई येऊ देत. बाहेरचा मानूस मी." ते माझ्याकडे वळले. "ही येईन. बाईसंगं बाई आली तर चालते. कोन काय बोललं ते लिहून घ्याले."

ते तीन दिवस काका मुकादम झाले. यमुनाबाई समोर बसायची आणि ते तऱ्हेतऱ्हेनं खोटं बोलायचे. ती चिडून मधेच बोलली की म्हणायचे, "गेला तुहा फुटाना." तिला मुकादमाला अडकवणारा एकही प्रश्न त्यांनी सांगितला नाही. मी रागावून कारण विचारलं, तर म्हणाले, "मले ठाऊक नाई ना, पोरी. तो काय बोलन ते कोनाले ठाऊक?" तिला एवढंच सांगितलं, की पेशंटच्या खोलीत जे जे मागे राहिलं ते सगळं पिशवीत घालून घेऊन ये. कशाचा उपयोग होईल, देव जाणे.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं धंतोलीला गेलो. काका दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाखाली फुटाण्यांची पुडी घेऊन बसले. आम्ही दोघी आत गेलो.

मॅनेजर घाईत होते. मुकादमानं जबाब दिला, "सकाळी सहाला मी जिन्यात होतो. ही बाई चहाचा कप घेऊन नऊ नंबरच्या खोलीत गेली, रिकामा कप घेऊन बाहेर आली. बस."

इतकंच. मी लिहून घेतलं. त्यात धरायला काहीच नव्हतं. यमुनाबाईनं पदर मुठीत घट्ट धरला होता. आता ही "खोटं, खोटं" म्हणून ओरडणार, असं मला वाटलं.

"साहेब," ती म्हणाली, "त्याले पुन्हा एकदा सांगू द्या. पयल्यापासून."

"आता पुन्हा कशाला?"

"माही भाकर जाऊन राहिली, साहेब. एकदा आयकू द्या."

मॅनेजरनी हात हलवला. मुकादमाला तर हुरूपच आला. "पुन्हा सांगतो ना! मी जिन्यात होतो. दार उघडंच होतं. पेशंट बाई हिले म्हने, यमुनाबाई, घसा कोरडा पडला वं, घोटभर चहा दे. अन् हिनं दिला."

"हे तुम्ही आयकलं?" यमुनाबाईनं विचारलं.

"ह्या कानानं आयकलं."

"बाईचाच आवाज होता?"

"मंग? बाईचा आवाज मले समजत नाई का?"

ती माझ्याकडे वळली. "लिवलं ना, बाई?" मी म्हटलं, लिहिलं. "साहेबाले वाचून दाखवा." मी वाचलं. काय घडतंय हे मला अजून कळलं नव्हतं.

तिनं पिशवीतून एक पाटी काढली. लाकडी चौकटीची, शाळेतल्या पोरांची असते तशी. पाटी टेबलावर ठेवून ती म्हणाली, "हरकत हाय, साहेब. नऊ नंबरच्या बाईचा आवाज दोन महिन्यांपासून बंद हाय. घशाचंच ऑपरेशन होतं तिचं. पानी पाह्यजे असलं तरी ती ह्या पाटीवर लिवून मागे."

मॅनेजरनी वॉर्डातल्या नर्सला बोलावलं. तिनं पाटी पाहिली आणि सांगितलं, हो, त्या बाईंच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता. मुकादम खालच्या मजल्यावरचा. त्याला पेशंटबद्दल काही माहीतच नव्हतं, कारण तो वर गेलाच नव्हता. शेवटी त्यानं कबूल केलं. पेशंटच्या दिरानं घरून थर्मासमधून चहा आणला होता, आणि भेटीची वेळ नसताना त्याला मागच्या जिन्यानं वर सोडलं होतं ते मुकादमानंच.

मॅनेजर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "यमुनाबाई, तुमच्यावरचा आळ काढला." आयुष्यात तिच्यासाठी खुर्चीवरून उठलेला तो पहिला साहेब असावा.

बाहेर आलो तर काकांची पुडी रिकामी होती. आमचे चेहरे पाहून त्यांना निकाल कळला असणार, पण त्यांनी तो विचारला नाही. "वाच," म्हणाले. मी कडुनिंबाखाली उभी राहून सगळं वाचलं, शब्दन् शब्द. "ह्या कानानं आयकलं" या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग मी पाटीपर्यंत आले. त्यांनी टोपी काढली. त्यांचे केस इतके पांढरे झाले आहेत हे मला तेव्हाच दिसलं.

"हे मले नसतं सुचलं," ते यमुनाबाईला म्हणाले. "खरं सांगतो. मी पाटी पिशवीतच ठेवली असती."

"तुम्हीच तर शिकवलं, काकाजी."

"गप राहाले शिकवलं वं मी. बोलली तू."

परतीच्या वाटेवर चारचौघांत कोपऱ्यात बसणाऱ्या या माणसानं जे केलं ते पाहायला तुम्ही हवे होता. धंतोलीपासून महालापर्यंत आम्ही पायी आलो आणि ते वाटेत तीन ठिकाणी थांबले. एका पानठेल्यावर, एका सायकलच्या दुकानात आणि एका अगदी अनोळखी रिक्षावाल्यापाशी. प्रत्येकाला यमुनाबाईकडे हात करून सांगत होते, "ह्या आमच्या गल्लीतल्या वकीलबाई. आज केस जिंकून आल्या." यमुनाबाई पदरात तोंड लपवत होती. मी मात्र मान ताठ करून चालत होते, जणू केस मीच जिंकले होते. टाइपरायटरपुढे तीस वर्षं मुकाट बसलेला माणूस भर रस्त्यात मोठ्यानं बोलत होता, आणि मी त्याच्या शेजारून चालत होते.

पुढच्या रविवारी गल्लीनं आग्रह धरला की हा कज्जा पुठ्ठ्यांवर काढा. त्यांनी साफ नकार दिला. "तो तिचा हाय. माहा नाई."

पुढे ते निवृत्त झाले आणि लेकीकडे उमरेडला राहायला निघाले. दोन वर्षांनी त्यांच्या लेकीचं कार्ड आलं, वरचा कोपरा फाडलेलं. पत्राचा कोपरा फाडलेला असला की बातमी मरणाची असते, हे तुम्हाला सांगायला नको. पण त्यांची आठवण निघाली की मला ते कार्ड दिसत नाही. दिसतो तो एसटी स्टँड.

आम्ही गल्लीतली पंधरा-वीस माणसं पोचवायला गेलो होतो. त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक खेडवळ म्हातारी येऊन बसली आणि बसल्याबसल्याच त्यांना काहीतरी सांगू लागली, सुनेबद्दल की जमिनीबद्दल, कोण जाणे. कंडक्टरनं घंटी दिली. आम्ही हात हलवले, हाका मारल्या. यमुनाबाईनं खिडकीवर थापसुद्धा मारली. गाडी हलली, फाटकातून वळली. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ते पूर्ण त्या म्हातारीकडे वळून बसले होते, आणि तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.