चमच्याएवढी डागणी

म्युझियमच्या काचेवर मी कपाळ आपटलं. चांगलं ठण्णकन. काच इतकी स्वच्छ होती की मला ती दिसलीच नाही. कारच्या कारखान्यात गाड्यांच्या रंगावरचे ओरखडे शोधायची माझी नोकरी. त्याचाच पगार घेतो, आणि समोरची अख्खी काच मला दिसली नाही. तिच्यावर माझ्या कपाळाचा तेलकट ठसा उमटला. शर्टाच्या बाहीने पुसायला गेलो, तर आणखी पसरला.

"अरे, देव नाही तो, डोकं टेकवायला!" डॉक्टर म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो. मंडळात कोणी मला हसलं की सगळ्यांच्या आधी मी हसतो. सवय आहे.

कॉव्हेंट्रीहून आमचं मराठी मंडळ कोच करून आलं होतं. गुलामांचा व्यापार बंद झाल्याला त्या वर्षी दोनशे वर्षं झाली होती, म्हणून बंदराच्या या शहरात प्रदर्शन होतं. डॉक्टर म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, हॉस्पिटलातले मोठे सर्जन. माणूस वाईट नाही. आम्ही नवे आलो तेव्हा पहिला हीटर त्यांनीच दिला होता.

काचेमागे डागणी होती. माणसांना डागायची. मला वाटलं होतं, केवढी तरी असेल. चमच्याएवढी होती. लांब दांडा, टोकाला मालकाच्या नावाची अक्षरं. खाली लिहिलं होतं : तापवायची आणि खांद्यावर नाहीतर छातीवर दाबायची. चिकटू नये म्हणून कातडीला आधी तेल लावायचं.

तेल. आमच्याकडे तेवढीही तसदी नव्हती.

डॉक्टर सगळ्यांना समजावत होते. "आपल्याकडे हे एक बरं. असलं क्रौर्य आपल्या रक्तातच नाही. आमच्या गावी इतके गडी होते, पण घरच्यासारखे!"

माझा बाप सालगडी होता. घरच्यासारखा. म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबायचं आणि जेवायला गोठ्यात बसायचं. नवी बैलजोडी आली की मालक तिच्या पुठ्ठ्यावर चंद्रकोर डागून घ्यायचा. मी तेव्हा तिसरीत. शाळेतून आलो तो कासरा धरायला उभा केला. बैल उसळला. कासरा माझ्या हातून सुटला. मालकाचा थोरला पोरगा, शहरात कॉलेजला शिकणारा, लाल सळई घेऊन माझ्याकडे वळला.

"याला पण करू. हा पण आपलाच."

आणि टेकवली. डाव्या हाताला, मनगटाच्या वर.

मालक हसला. उभी होती ती माणसं हसली. बापाच्या हातात बैलाची शिंगं होती. त्याने ती सोडली नाहीत. बैल ओरडला ते आठवतं. मी ओरडलो का, ते आठवत नाही. चंद्रकोर मात्र सुरेख उमटली.

लोकांना इंग्लंडची थंडी सोसत नाही. मला तिनेच सांभाळलं. बारा महिने फुल शर्ट घाला, कोणी विचारत नाही. एकदाच, मंडळाच्या गणपतीत भांडी घासताना बाही वर गेली आणि डॉक्टरांच्या नजरेला पडलं. मी म्हटलं, स्कूटरचा सायलेन्सर.

"हाताला कसा लागला रे? तो पायाला लागतो!"

"मी पडतोही उलटाच, डॉक्टर."

तेव्हाही सगळे हसले होते.

आज पुन्हा गप्प बसता आलं असतं. सगळ्या कॉव्हेंट्रीत मराठी बोलायला आम्हाला मंडळाशिवाय दुसरं दार नव्हतं. ते लागलं, तर आम्ही दोघं आणि टीव्ही. पण 'घरच्यासारखे' हा शब्द काही खाली उतरेना.

मी कफचं बटण काढायला गेलो. निघेना. आयुष्यात एकदा बंड करायला निघालो, तर बटण अडकलं. बायको जवळ आली. तिने बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत नीट दुमडली.

"मला डागलंय, डॉक्टर."

"तू तर स्कूटर म्हणाला होतास."

"खोटं बोललो. बैलाची डागणी आहे. मालकाच्या पोराने लावली. आम्हीपण घरच्यासारखेच होतो."

कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी माझा हात उजेडाकडे वळवला, पेशंटचा वळवावा तसा. मग हळू आवाजात म्हणाले, "जाईल हे. माझ्या ओळखीचा प्लॅस्टिक सर्जन आहे. दिसणारसुद्धा नाही बघ."

इतक्या मायेने म्हणाले, की मी थँक्यू म्हणणार होतो.

"नको," मी म्हटलं. "हे राहील. आणि आता दिसेल."

त्यांनी हात सोडला. निघताना मागे वळून पाहिलं. काचेवर माझ्या कपाळाचा ठसा तसाच होता, डागणीच्या बरोबर वर.

परतीच्या कोचमध्ये भेंड्या झाल्या नाहीत. खोबऱ्याच्या वड्यांचा डबा फिरत फिरत आमच्या रांगेपाशी आला आणि पलीकडे वळला. मुद्दाम नसेल. मला अजून वाटतं, मुद्दाम नसेल. कोणी आमच्याकडे बघत नव्हतं एवढंच. बाहेर मोटरवेवर पाऊस. माझा डावा हात मांडीवर उघडा. गार पडला होता, पण बाही खाली केली नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मंडळ सुटलं आपलं."

बायकोने पर्स ठेवली, कोट काढला.

"का सुटेल? मराठी काय त्यांनी विकत घेतलीय?" मग कपाट उघडून माझे शर्ट एकेक करून सरकवत गेली. "हाफ शर्ट नाही तुमच्याकडे एकही. या पांढऱ्याच्या बाह्या कापते मी. पुढच्या रविवारी मंडळात हाच घालायचा. आणि मागे नाही बसायचं, पुढे बसायचं."