लिंबाखालचा चर

रस्त्याकडेला केबलसाठी चर खणलेला दिसला, ओल्या मातीचा वास आला, की चांदवडजवळचं ते कॉलेज आठवतं. तिथल्या चार इमारती नेटवर्कने जोडायच्या होत्या. आराखडा माझा. घरातला पहिला पदवीधर मी. केबलची रेघ कागदावर सरळ ओढली होती. म्हातारे माळी म्हणाले, "साहेब, चर जरा वळवा. लिंबाची मुळं हायेत इथं. पोरं डबा खातात ना खाली." मी म्हणालो, "मामा, हे शिकायला चार वर्षं घातलीत मी." मुळं तोडली. पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्तीला गेलो, तर लिंब वाळून कोळ झाला होता. मामांनी माझ्यासाठी खुर्ची तेवढी भिंतीच्या सावलीत सरकवली. त्या वळशाला फक्त दहा हात केबल जास्त लागली असती, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.