दादाची साबणाची डबी

काल बेकेलाइट नावाच्या कडक प्लास्टिकचा जुना काळा प्लग जळाला आणि घरभर दवाखान्यासारखा उग्र वास सुटला. लढाई संपली त्या साली साताऱ्याला पलटणीकडून दादाची बेकेलाइटची साबणाची डबी आली, दादा आला नाही. आई रडली नाही, रोज डबी उघडून हुंगायची. झाकणाला तडा होता, तो सांधायला तिनं ती सोनाराकडं नेली. लाखेसारखी पाघळेल म्हणून त्यानं ती निखाऱ्यावर धरली, तर कड नुसती करपली. "आवं मावशी, किती बी तापवा, ह्ये मऊच हुईना," तो म्हणाला. बेकेलाइट साच्यात तापून एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, हे मला फार पुढं कळलं. घरी येऊन आईनं डबी हुंगली. आत करपल्याचाच, दवाखान्यासारखा उग्र वास होता. तिनं ती फडताळात ठेवली, पुन्हा उघडली नाही. दादाच्या साबणाचा वास मला आठवत नाही. काल तो जळका प्लग मात्र मी कितीतरी वेळ नाकाशी धरून बसलो.