न पोचवलेला निरोप

महाल नावाच्या वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत तीन माणसं राहायची. त्यातली दोन एकमेकांशी बोलत नसत. मी तिसरीत असताना आई-बाबांचा अबोला सुरू झाला, तो चौथी संपत आली तरी सुटेना. कारण मला कधी कळलं नाही. पुढे पुढे त्यांनाही आठवत नसावं. पण भांडण चालू ठेवायला बोलावं तर लागतंच. ते काम माझ्याकडे होतं.

"तुह्या बाबाले सांग, भात झाला."

बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले. "तुह्या आईले सांग, मले ऐकू आलं."

मी इमानदारीनं निरोप पोचवायची, फक्त त्यातलं तिखट काढून. आईचं 'गिळून घ्या' माझ्या तोंडून 'जेवून घ्या' व्हायचं. त्यांचा संसार माझ्या खोटेपणावर चालला होता आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

मग एका सकाळी बाबा म्हणाले, "तुह्या आईले सांग, माहेरी चालली जाय. कायमची."

यातलं तिखट काढलं तर काहीच उरत नव्हतं. सांगितलं तर आई खरंच जाईल, अशी भीती वाटली. मी सांगितलं नाही. चुकून निसटू नये म्हणून बोलणंच बंद केलं, शाळेतसुद्धा.

डॉक्टरांनी घसा पाहिला, शेजारणीनं दृष्ट काढली. दहाव्या दिवशी दोघांनी मला दवाखान्यातल्या एका बाईंकडे नेलं. त्या म्हणे मुलांशी बोलून इलाज करायच्या. माझ्याशी त्या बोलल्याच नाहीत. फुटाण्यांचा पुडा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "ही खाते आहे. तोवर तुम्ही दोघं बोला."

"तुह्या बाबाले सांग..." आई सवयीनं म्हणाली.

"ती नाही सांगणार. ते इथंच बसलेत."

मी फुटाणे खात राहिले. शेवटी बाबा खाली बघत आईला म्हणाले, "माहेरी चालली जाय म्हणलं होतं मी तुले. हिच्याजवळ. तवापासून बोलून नाही राहिली."

आई माझ्याकडे वळली. "काहून नाही सांगितलं वं मले?"

दहा दिवसांनी मी तोंड उघडलं. "विसरून गेली."

ते खोटं आईला लगेच कळलं असावं, कारण ती रडायला लागली. बाबांनी रुमाल काढून सवयीनं माझ्यापुढे धरला, मग हात वळवून तिच्यापुढे नेला.

घरी जाताना सायकलरिक्षात दोघं कोणत्या गल्लीनं जायचं यावरून रस्ताभर भांडले, थेट एकमेकांशी. मी मध्ये बसून उरलेले फुटाणे संपवले.