कोटातला मुकेश

मुकेश गेला हे कळलं तेव्हा मी नागपुरात एका लग्नपत्रिकेवरच्या गणपतीची सोंड डावीकडून उजवीकडे वळवत होते. बालाघाटहून त्याच्या मामांचा फोन आला. साधा मलेरिया म्हणता म्हणता तो मेंदूत गेला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. तिशीही गाठली नव्हती त्यानं... मामा म्हणाले, "बाई, त्याचा एक चांगला फोटो घेऊन येजो. तेरवीले लावाले पाह्यजे. घरात एकही नाही. तुह्याजवळ त असनच म्हणते त्याची माय." माझ्याजवळ नव्हता. एक होता, फार चांगला होता, आणि तो मीच माझ्या हातानं घालवला होता.

आम्ही दोघं बालाघाटच्या एका खासगी कॉलेजात मल्टिमीडियाच्या पदवीला होतो. कॉलेज म्हणजे राइस मिलच्या ऑफिसावरचा मजला. कम्प्युटर कमी, पोरं जास्त, म्हणून एका कम्प्युटरला दोघं आणि माझ्या नशिबी मुकेश. मिलचा कोंडा खिडकीतून उडून थेट कम्प्युटरच्या पोटात जायचा, त्यामुळे तास सुरू होण्याआधी सर डब्याला दोन चापट्या मारायचे. वीज बहुतेक नसायचीच. मग सर फळ्यावर खडूनं अख्खा स्क्रीन काढत आणि आम्ही वहीत पेन्सिलीनं 'क्लिक' करत असू. मुकेशचे वडील जंगल खात्यात बाबू होते. हे शिकून पोरगा नेमका कोण होणार, हे त्यांना शेवटपर्यंत कोणी नीट समजावून सांगू शकलं नाही. मुकेश सांगायचा, "बाबूजी, मी फोटोतले लोक इकडचे तिकडे करतो." ते म्हणायचे, "हे काम त आमच्या खात्यात बदलीवाला बाबू करते. त्याच्यासाठी कॉलेज काहून पाह्यजे?"

पहिल्याच वर्षी काम मिळालं : एकाचं डोकं कापून दुसऱ्याच्या धडावर बसवा. मुकेश वडिलांचा लग्नातला कोट घालून आला. त्याचा डावा खांदा मुळातच थोडा खाली होता आणि कोटाचं एक बटण गायब होतं. ते दिसू नये म्हणून त्यानं छातीवर हात ठेवला, शपथ घेतल्यासारखा. सरांच्या एकुलत्या कॅमेऱ्यानं मी फोटो काढला. काय सुंदर हसला होता तो त्यात! फोटो कम्प्युटरवर घेतला आणि कॅमेरा पुढच्या पोरांसाठी लगेच पुसून रिकामा झाला. मी कोट ठेवायचा म्हणून वरचं डोकं सफाईनं पुसलं आणि मोठ्या ऐटीत सेव्ह केलं... त्याच नावानं. मूळ प्रत वेगळी ठेवावी हा धडा फळ्यावर झाला होता, पण वहीतल्या पेन्सिलीला सेव्हचं बटण नसतं. मुकेशनं स्क्रीनकडे पाहिलं. "काहून वं, माह्यं मुंडकं कुठं ठेवलं?" मी रडायच्या बेतात होते आणि हा पोट धरून हसत होता.

तो बिनमुंडक्याचा कोट पुढे फार चालला. मुकेश सुट्टीत एका फोटो स्टुडिओत बसायचा. लामता, लालबर्रा, खैरलांजीकडून लोक मेलेल्या बापाचा नखाएवढा फोटो घेऊन येत. धोतर-बंडीतला म्हातारा, डोळे मिचकावलेला. "बाबूजीले जरा कोट घालून द्या." मुकेश म्हाताऱ्याचं डोकं आपल्या खांद्यावर बसवून द्यायचा. जिल्ह्यातले सगळे स्वर्गवासी हळूहळू एकाच कोटात, एकाच बाजूला झुकलेले, छातीवर हात ठेवून दिसू लागले. लोकांना त्यात नम्रता दिसे. डिग्री मिळाल्यावर तो त्याच स्टुडिओत राहिला, सगळ्यांचे फोटो काढत गेला, आणि त्याचा काढायचं कोणाला सुचलं नाही. मी कधी टोकलं तर म्हणायचा, "मले काय गरज? मी त आधीच घरोघरी टांगलेलो आहो."

शेवटी काकूंना, मुकेशच्या आईला, त्याचं कॉलेजचं ओळखपत्र सापडलं. त्यावरच्या फोटोत अर्ध्या गालावर गोल शिक्का. मी तो फोटो मोठा केला, रात्रभर खपून गालावरचा शिक्का साफ केला, आणि इतक्या वर्षांनी त्याचं डोकं त्याच्याच कोटावर बसवलं. मान, खांदा, सगळं जुळत होतं. मनात म्हटलं, फिटलं एकदाचं. तेरवीच्या आदल्या दिवशी फोटो काकूंच्या हातात दिला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाल्या, "बाई, हा त लामताच्या स्वर्गवासी पटेलासारखा दिसून राह्यला." मामांना हसू आवरेना, मग मलाही, आणि हसता हसता आम्ही तिघंही रडलो. काकूंनी डोळे पुसले. "काढ तो कोट. आणि शिक्का राहू दे. पोरगा कॉलेजात गेलता, हे त दिसन." आता भिंतीवर तसाच आहे तो, गालावर शिक्का घेऊन. मला मात्र त्याच्याकडे पाहून फार वाईट वाटलं. तो तिथे हसत नाही.

मागच्या आठवड्यात खैरलांजीला एका नातलगाबरोबर पाहुणचाराला जाणं झालं. अनोळखी घर, ओसरीवर खुर्च्या, आणि समोरच्या भिंतीवर हार घातलेला एक म्हातारा. पांढऱ्या मिशा, कडक नजर... आणि खाली तो कोट. डावा खांदा उतरलेला. छातीवर बटण लपवणारा हात. चेहऱ्याकडे मी पाहिलंच नाही. उठले, जवळ गेले आणि हात जोडले. डोळे कधी भरून आले कळलंही नाही. घरची सून चहा घेऊन आली होती, ती गहिवरली. "ताई, तुम्ही ओळखत होत्या आमच्या आजेसासऱ्यांले?"

"हौ," मी म्हणाले, "कॉलेजात एकाच कम्प्युटरवर बसत होतो आम्ही."

ती कप हातात धरून माझ्याकडे पाहतच राहिली. म्हातारा म्हणे जन्मात शाळेची पायरी चढला नव्हता.